इंदूरच्या ओसरीवरून: पंचेंद्रियांकडे लक्ष देण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात आमच्या घराच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी सात वाजता दहा-बाराजण जमतात. तासभर बसतो. कधी प्रत्येकाच्या हातात एक लवंग असते, कधी नुसते रस्त्यावरचे आवाज ऐकतो, कधी समोरच्या भिंतीवरच्या ओलीचे डाग बघतो. नवीन येणारी माणसं बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही, योगशिक्षिकाही नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. २०२१ मध्ये कोविडनंतर दोन महिने वास येणं बंद झालं, तेव्हापासून या विषयाच्या मागे लागले.

इंद्रियांकडे लक्ष देणं म्हणजे नेमकं करायचं काय?

आत्ता जे दिसतंय, ऐकू येतंय, हाताला लागतंय, जिभेवर आहे, नाकात शिरतंय, त्याला थोडा वेळ द्यायचा आणि त्याबद्दल मत बनवायची घाई करायची नाही.

"चहा बरा झालाय" हे मत झालं. आलं घशाशी टोचतंय, सायीचा तुकडा ओठाला चिकटलाय, कपाचा चटका अंगठ्यापेक्षा तर्जनीला जास्त लागतोय, ही जाणीव झाली. आपला दिवस बहुतेक मतांवर चालतो. जाणीव आलेली असते, पण तिला कुणी "ये, बस" म्हणत नाही.

पहिल्या दिवशी मी डोळे मिटायला सांगते आणि हातात एक वस्तू ठेवते. "रुमाल आहे," म्हणून लोक मोकळे होतात. मग मी म्हणते, रुमाल हा शब्द विसरा, हाताला काय काय लागतंय ते सांगा. मग कुणी म्हणतं, कडेला शिवण आहे, एका कोपऱ्यात दोरा सुटलाय. कुणी म्हणतं, मध्ये थंड आहे आणि घडीच्या आत गरम. दोन मिनिटांपूर्वी ज्या वस्तूबद्दल एका शब्दापलीकडे बोलायला काही नव्हतं, तिच्याबद्दल आता थांबवावं लागतं.

हे विपश्यनाच ना?

नात्यातलं आहे, पण तेच नाही. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतलं शिबिर दहा दिवसांचं असतं, पूर्ण मौन पाळून. आधी श्वासावर काम, मग अंगभर उमटणाऱ्या संवेदनांवर. ज्यांना जमेल त्यांनी इगतपुरीला किंवा जवळच्या केंद्रात जरूर जावं. आम्ही करतो ते घरगुती मापाचं आहे, भाजी निवडताना करता येईल असं.

अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुन्या दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यात ध्यान होतं, पण धर्माचा भाग नव्हता. त्यातला एक प्रसिद्ध सराव म्हणजे एकच मनुका बघायचा, चाचपायचा, हुंगायचा आणि मग सावकाश खायचा. आमच्या पोह्यांच्या सरावाची (तो पुढे सांगते) कल्पना तिथूनच सुचली.

आपल्याकडे तर इंद्रियं आवरायला सांगतात. तुम्ही उलटंच सांगताय!

हा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

कठोपनिषदातलं रथाचं रूपक बहुतेकांना माहीत असतं. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. आपण त्यातला लगाम तेवढा लक्षात ठेवतो. पण टांगेवाल्यांच्या घरात वाढलेले एक आजोबा आमच्याकडे यायचे. ते म्हणाले, "लगाम ओढून घोडा चालत नसतो. कुठला दमलाय, कुठला बुजलाय, कुणाच्या पायात खडा गेलाय, हे आधी बघावं लागतं." मला तरी हे रूपक त्यांच्यामुळेच समजलं.

पतंजलींच्या अष्टांगांत प्रत्याहार, म्हणजे इंद्रियांना विषयांकडून मागे घेणं, पाचवं अंग आहे. मागे घ्यायचं तर ती कुठे गेली आहेत ते माहीत हवं. टीव्हीसमोर फरसाणाची बशी रिकामी होते, तेव्हा आपण म्हणतो, जिभेचे फार चोचले झाले. मला तसं वाटत नाही. त्या बशीतले पहिले दोन घास सोडले, तर जिभेला काही मिळालेलंच नसतं. चव लागली नाही म्हणून हात पुन्हा बशीत जातो. जो नीट चाखतो, त्याला "आता पुरे" म्हणायला फार जोर लावावा लागत नाही.

सुरुवात कशापासून करू? मला वेळ नाही.

पोह्यांपासून. इंदुरात राहणाऱ्याला याहून सोपी जागा नाही.

ठेल्यावर पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते. त्या वाफेमुळे ते तासन्‌तास मऊ राहतात. आपल्या घरच्या पोह्यांत शेंगदाणे, ओलं खोबरं, फोडणीचं तेल. इथल्या पोह्यांत बडीशेप, वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जीरावन हा इथला चटपटीत मसाला. बशी हातात आली की पाच घास, फक्त पाच, गप्प बसून खा. उरलेले गप्पा मारत खाल्ले तरी चालतील.

पहिला घास. आधी ऊब कळते, ओठाच्या आतल्या बाजूला. मग मऊपणा, आणि त्या मऊपणात शेव मोडते. तिचा आवाज बाहेरून येत नाही, जबड्याच्या हाडातून कानात जातो. लिंबू जिभेच्या कडांना झोंबतं. जीरावनातलं काळं मीठ जिभेवर कमी आणि घशामागून नाकात जास्त कळतं. बडीशेप सगळ्यांत शेवटी, घास गिळल्यावर.

दुसरा घास नाक चिमटीत धरून खा. आंबट राहील, खारट राहील, किंचित गोड राहील. बडीशेप मात्र नाहीशी होईल. चिमूट सोडा, एकदम परत येईल. ज्याला आपण चव म्हणतो, त्यातला मोठा भाग तोंडाच्या मागच्या वाटेनं नाकात पोचलेला वास असतो. शाळेत हा प्रयोग मी मुलांकडून जिऱ्यावर करून घ्यायचे आणि वर्गात दर वर्षी तीच आरोळी उठायची.

तिसऱ्या-चौथ्या घासाकडे बघा, चव खाली उतरायला लागते. पोहे तेच, ठेला तोच. एकच चव सारखी आली की मेंदूला तिच्यातून मिळणारं सुख कमी होत जातं. म्हणूनच पोह्यांबरोबर जलेबी. खारट-आंबटाला मन विटलेलं असतं, गोडाची पाटी कोरी असते. पोटभर पंगत झाल्यावरही श्रीखंडाला जागा निघते ती याच कारणानं. पोट भरल्याची खबर मेंदूला नीट पोचायला सुमारे २० मिनिटं लागतात, आणि तोवर आपण बशी पुसून दुसरी मागवलेली असते.

पाच घासांना दोन मिनिटंही लागत नाहीत.

शास्त्रात चवी पाच आणि आपल्याकडे सहा. कुठलं खरं?

दोन्ही मोजण्या वेगळ्या कारणांसाठी आहेत. आयुर्वेदाचे षड्रस म्हणजे मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. इथे मराठी माणूस हमखास अडखळतो. संस्कृतातलं 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपल्या बोलण्यात कडू हा शब्द कटूवरून आला आणि तिखट तिक्ताच्या शेजारी जाऊन बसला, त्यामुळे अर्थांची अदलाबदल झाली.

आजचं शरीरशास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्श्यात, टोमॅटोत कळणारी भरीव चव) या पाच चवी मानतं. उमामी हे नाव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये दिलं. तिखट त्यात नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य जी ग्राहिका, म्हणजे संवेदना टिपणारी रचना, जागी करतं, तीच चटका बसल्यावरही जागी होते, म्हणून 'तोंड पोळलं' हा आपला शब्द अगदी अचूक आहे. ती ग्राहिका शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शाच्या ग्राहिका शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर. तुरटही पुष्कळसा स्पर्शच. आवळा किंवा जांभूळ खाल्ल्यावर त्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, तोंडाचा ओलेपणा जातो आणि जीभ टाळ्याला घासते.

सरावाला सहाच्या सहा घ्या. तुरटाकडे लक्ष दिलेला माणूस मी तरी फारसा पाहिला नाही, आणि त्यात बघण्यासारखं फार आहे.

मन लगेच दुसरीकडे पळतं.

पळू दे. पळालं हे ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी सराव झाला. परत या. एका मिनिटात वीस वेळा परत यावं लागलं तर वीस वेळा सराव झाला.

एखाद्या वासानं अचानक रडू का येतं?

बैठकीत एका ताईंनी आजीची जुनी महेश्वरी साडी आणली होती, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली. पिशवी उघडली आणि त्यांना बोलता येईना. पाच-सात मिनिटं गेली. मग म्हणाल्या, "आजी आठवली असं नाही. मी तिच्या खोलीत होते."

बाकीच्या इंद्रियांकडून येणारी खबर मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबून पुढे जाते. वासाची वाट वेगळी. नाकातल्या पेशींकडून ती घ्राणकंदात येते आणि तिथून थेट, भावना आणि आठवणी ज्या भागांशी जोडलेल्या आहेत त्यांच्या दारात. त्यामुळे शब्द सापडायच्या आधी डोळे भरतात. माणसाच्या नाकात वासाच्या ग्राहिकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. त्यांची जनुकं शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं.

माझा वास गेला तेव्हाचं सांगते. एप्रिल महिना. मी गॅसपाशी उभी होते, खिडकीतून बाहेर बघत. सून आतल्या खोलीतून धावत आली, तोवर दूध करपून पातेल्याला काळं लागलं होतं आणि घरभर धूर झाला होता. मी त्या धुरात उभी होते आणि मला काहीही आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

वास परत यावा म्हणून एक सराव आहे. जर्मनीतल्या थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, असे चार वास सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, काही महिने. मी चार छोट्या बरण्या केल्या. कित्येक दिवस त्या चारही बरण्या सारख्याच होत्या, म्हणजे रिकाम्या. मग एका संध्याकाळी लवंगेच्या बरणीत काहीतरी होतं. वास म्हणता येणार नाही. अंधाऱ्या खोलीत कुणीतरी उभं आहे असं वाटावं, तसं. मी बरणी बंद केली, पुन्हा उघडली. होतं.

लिंबू त्यानंतर दहा दिवसांनी आलं. गुलाब अजूनही पूर्वीसारखा येत नाही. पण त्या लवंगेनं एक गोष्ट दाखवली, साठ वर्षं नाक चांगलं होतं तेव्हाही मी त्याला क्वचितच काही विचारलं होतं. त्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडला, माळव्याची काळी माती भिजली, आणि मी अंगणात उभी राहिले, पाऊस थांबेपर्यंत. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात. माणसाचं नाक त्याला इतकं तिखट आहे, की हवेत त्याचा अगदी नाममात्र अंश असला तरी ओळखतं.

वासाचा सराव करताना एक ध्यानात ठेवा. नाक फार लवकर सरावतं. सलग दोन मिनिटं हुंगलं की काही कळत नाही. दोन-तीन छोटे श्वास, मग थांबा.

शहरात इतका गोंगाट आहे. कान कुठे लावायचा?

गोंगाटातच. आम्ही सर्वांत लांबचा आवाज आधी शोधतो. सकाळी सातला ओसरीवर तो बहुधा रेल्वेचा असतो. मग कचरागाडीचं गाणं एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना. (२०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या आलेल्या या शहरात ते गाणं ही घड्याळाचीच एक जात झाली आहे.) मग कुकरची शिट्टी, पारवे, शेजारच्यांचा चिमटा परातीवर आपटतो तो. शेवटी आपला श्वास. लांबून जवळ येत जायचं. आवाज कुठल्या बाजूचा आहे हे मेंदू दोन कानांमधल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो, आणि तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी असतो. आपण ते रोज करतो, न सांगता.

दुसरा सराव संगीताचा. गायक उस्ताद अमीर खाँ आपल्या इंदूरचे. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवायचे. खाँसाहेबांचा विलंबित झुमरा तालातला ख्याल लावा. १४ मात्रा, आणि लय इतकी संथ, की दोन मात्रांच्या मध्ये पुष्कळ मोकळी जागा असते. ती जागा ऐका. सुरांकडे कान आपोआप जातो, या जागेकडे न्यावा लागतो.

आणि देवास इथून तासाभराच्या अंतरावर आहे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये तिथे आले ते क्षयानं आजारी होऊन. काही वर्षं गाणं बंद होतं. खाटेवर पडून त्यांनी माळव्यातली बायकामाणसांची गाणी ऐकली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या धुना ऐकल्या, आणि पुढे त्या धुनांतून नवे राग बांधले. गळा थांबलेला असताना त्यांचे कान काम करत होते. आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या कुणालाही मी हे सांगते.

एक काळजी. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ-आठ तास राहिल्यानं कान खराब होतात. डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहून हा सराव करू नये. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला जाताना मी कापसाचे बोळे पदरात बांधून नेते.

डोळ्यांना तर दिवसभर काम असतं. त्यांना वेगळं काय शिकवायचं?

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपल्या डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच. बाकीचं दृश्य धूसर असतं आणि मेंदू ते भरून काढतो. म्हणून बघायला वेळ लागतो. डोळा तिथे तिथे न्यावा लागतो.

राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्यांना मी विचारते, मजले किती? बहुतेकांना सांगता येत नाही. सात आहेत. खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. एकदा हे कळलं की दगड संपून लाकूड सुरू होतं त्या रेषेवर नजर आपोआप जाते.

या गावाला बघायला शिकवणारे मराठी गुरू लाभले. द. दा. देवळालीकरांनी इथल्या चित्रकला शाळेत ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे विद्यार्थी घडवले. आणि त्याच परंपरेतले विष्णू चिंचाळकर, सगळ्यांचे गुरुजी. वाळकं पान, मोडकी फांदी, बी, चिंधी, असल्या टाकाऊ वस्तूंत त्यांना पक्षी, चेहरे, नाचणारी माणसं दिसायची. तेवढीच ते थोडी वळवून मांडायचे. आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रत्येकजण रस्त्यावरून एक काटकी उचलून आणतो आणि दहा मिनिटं तिच्याकडे बघतो. तेवढाच आमचा गुरुजींना नमस्कार.

इंद्रियं पाचच ना?

बाहेरचं कळवणारी पाच म्हणा. आणखीही आहेत. डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावता येतं, कारण स्नायू आणि सांधे हाताची जागा कळवत असतात. आतल्या कानातली रचना तोल सांभाळते. आणि शरीराच्या आतलं कळवणारी जाणीव, म्हणजे भूक, तहान, छातीतली धडधड, पोटात पडलेला खड्डा. नाडीला हात न लावता छातीचे ठोके मोजून बघा. काहींना स्पष्ट कळतात, काहींना मुळीच नाही. पुढचा प्रश्न याच आतल्या जाणिवेचा आहे.

यानं माणूस बदलतो का? स्वभावाला औषध नसतं म्हणतात.

माझ्यापुरतं सांगते. माझ्या बहिणीशी गावच्या घरावरून माझं फोनवर वाजायचं. पूर्वी मी टोचून बोलले हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं, अंघोळ करताना. मग फोन ठेवल्यावर तासाभरात कळायला लागलं. मग बोलता बोलता, वाक्याच्या मध्येच. आता पुष्कळदा त्याआधी कळतं: कानाच्या पाळ्या गरम होतात, जीभ वरच्या दातांच्या मागे दाबली जाते. तेवढं कळलं की मी म्हणते, "थांब, पाणी पिऊन येते." घराचा प्रश्न सुटलेला नाही. बहीण मात्र रोज फोन करते.

या सरावानं घडतं ते एवढंच, आणि माझ्या लेखी ते फार मोठं आहे: कळण्याची वेळ अलीकडे सरकते. राग कमी होईल याची खात्री मी देत नाही.

दुसरं, आपल्याला काय आवडतं हे कळतं. आमच्याकडे येणाऱ्या एका काकूंना मी एकदा विचारलं, "तुम्हाला भाजीत मीठ कसं लागतं?" त्या म्हणाल्या, यांना कमी, मुलाला बेताचं, सासूबाईंना जास्त लागायचं. मी म्हटलं, तुम्हाला? त्या गप्प राहिल्या. पस्तीस वर्षांच्या स्वयंपाकात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही. पुढचे तीन रविवार त्यांनी चिमूट-चिमूट मीठ घालून वरण चाखलं. आता त्या आपल्या पानात वेगळं लिंबू पिळून घेतात. मला ती लिंबाची फोड म्हणजे त्यांची सही वाटते.

तिसरं, दुसरा माणूस कळतो. एका सुनेला सासऱ्यांच्या सपातांचा आवाज बदललेला जाणवला. एक पाऊल नेहमीचं, दुसरं फरशीवर घासत येणारं. त्यांनी खुब्याचं दुखणं महिनाभर लपवलं होतं. "कसं कळलं गं तुला?" एवढंच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं डॉक्टरांकडे गेले.

डोळे मिटले की मला घाबरायला होतं. तरी करू का?

डोळे उघडे ठेवा. आतल्या जाणिवांकडे लक्ष नेल्यानं काहींची धडधड वाढते, विशेषतः ज्यांना घबराटीचे झटके येतात किंवा ज्यांच्यावर मोठा आघात झालाय. अशांनी बाहेरच्या गोष्टींवरच राहावं. दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, अशी उतरती मोजणी पुष्कळांना आधार देते. पाय जमिनीवर टेकवून करा.

झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पोहे आणि लवंग बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. बैठकीला नंतर या, ओसरी कुठे जात नाही.

मुलांना शिकवावं का?

शिकवायची गरज नसते. पाच वर्षांचं पोर एका मुंगीमागे अर्धा तास जातं. आपण "चल लवकर" म्हणणं थोडं कमी केलं तरी पुरे.

माझं वय ७४. ऐकू कमी येतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. माझ्याकडे आता काय उरलंय?

पुष्कळ. आधी कानांची तपासणी करून घ्या आणि यंत्र सांगितलं तर लावा, त्यात कमीपणा नाही. मग हातांकडे वळा. आमच्यातले सर्वांत वयस्कर सदस्य इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये कामाला होते. ती १९९१ मध्ये बंद पडली. भोंगा त्यांना आता आठवणीतच ऐकू येतो, पण डोळे मिटून कापडाला चिमटीत धरलं की सूत जाडं की बारीक, पीळ घट्ट की सैल, सांगतात. एकदा मी तीन धोतरं समोर ठेवली. त्यांनी तिसरं हातात घेतलं, थोडा वेळ बोटांवरून फिरवलं आणि म्हणाले, "हे कुणाचं? याचं पोत आता मिळत नाही." ते माझ्या वडिलांचं होतं.

वहीत लिहावं का?

दिवसाला एक ओळ. "आनंद वाटला" असं नको. "गराडूचा (तळलेल्या कंदाचा) तुकडा बाहेरून कुरकुरीत, आत वाफ, जीभ भाजली" असं.

किती दिवसांत फरक पडतो?

दोन महिने रोज दहा मिनिटं करून बघा. त्यानंतरही काही वाटलं नाही तर सोडून द्या, आमचं मन दुखावणार नाही.

गाडी चालवताना करू का?

डोळे रस्त्यावर, कान हॉर्नवर, हात हँडलवर. एवढंच. लवंग घरी.

रविवारी येताना काय आणायचं?

घरातल्या स्वयंपाकघरातली एक वासाची वस्तू, झाकणाच्या डबीत. नाव लिहू नका. गेल्या रविवारी कुणीतरी पुरणाच्या पाट्याला लागलेली वेलची-जायफळाची भुकटी आणली होती आणि सगळ्यांनी वेगवेगळ्या आजोळांची नावं घेतली. सातला सुरुवात होते. दार उघडंच असतं. चपला जिन्याखाली काढा, आणि फरशी थंड असेल, ती पायांना लागू द्या.